निळा-सोनेरी केक

"क्रीमवरची अक्षरं खरवडता येतील का गं?" सुरी हातात धरून व्हर्लने बायकोला विचारलं.

"कोरिनच्या नावाला हात लावू नकोस," लोइस म्हणाली. "विद्यापीठाचं तेवढं काढ."

गॅरेजमधली गाडी बाहेर काढून टेबलं मांडली होती. मुलांची शाळा कायमची संपली की गावात घरोघरी अशीच मेजवानी असते. पाहुणे येतात, सँडविच खातात आणि पहिला प्रश्न विचारतात, कॉलेज कुठलं? व्हर्लने उत्साहाच्या भरात, लेक कोरिन तिथे जाणारच असं धरून, विद्यापीठाच्या रंगांतला निळा-सोनेरी केक कधीच सांगून ठेवला होता. आणि काल जेवताना लेकीने सांगितलं, की ती कॉलेजात जाणारच नाही. इलेक्ट्रिशियनांच्या युनियनने तिला शिकाऊ कामगार म्हणून घेतलं होतं.

तेव्हापासून व्हर्लचं डोकं चालेनासं झालं होतं. टायरच्या कारखान्यात त्याने जन्म काढला तो एकाच हट्टापायी, पोरीच्या नखांत काळं जाऊ नये. आता पोर तेच हसत हसत मागत होती, आणि बापाला आनंद व्हावा अशीही तिची अपेक्षा होती.

पहिला आला शेजारचा ग्लेन. "केकला खड्डा कसला?"

"कोरिन वायरिंगचं काम शिकणारे," व्हर्ल पुटपुटला.

"नशीब काढलंस लेका! आमच्या डस्टिनची पदवी भिंतीवर लटकतेय, आणि पोरगा खाली तळघरात लोळतोय."

"मग पाठवलंस कशाला त्याला?"

"तुझ्यामुळे! कुंपणापाशी उभा राहून कॉलेज, कॉलेज करत माझे कान कोणी किटवले?"

ग्लेन हसत होता, पण व्हर्लला हसू येईना. आपण शेजाऱ्याच्या पोराचंही वाटोळं केलं की काय, या विचाराने त्याला कसंनुसं झालं.

पाहुणे पांगल्यावर कोरिन जवळ आली. "बाबा, रागावलास?"

"रागावलो असतो तर बरं झालं असतं. मला काही कळतच नाहीये. जे टाळायला मी राबलो, तेच तुला हवंय. मग मी राबलो कशाला?"

"कामावरून आलास की तू सांगायचास ना, आज कुठलं मशीन अडलं, तू कसं चालू केलंस. मला वाटायचं, आपल्यालाही असं काही सांगता आलं पाहिजे."

"अगं, ती तक्रार असायची माझी!"

"हो?" कोरिन चकित झाली. "मला तर वाटायचं, तू फुशारकी मारतोयस."

व्हर्ल खुर्च्या मिटू लागला.

सोमवारी, कामाच्या पहिल्या दिवशी, उजाडता उजाडता कोरिन पायरीवर बसून नव्या बुटांशी झटापट करत होती. व्हर्लला तिचं अभिनंदन करायचं होतं, निदान करायला हवं असं वाटत होतं. "नवे बूट चावतात, दोन मोजे घाल," एवढंच तोंडातून निघालं. मग तो गुडघे टेकून खाली बसला आणि तिच्या नाड्या बांधू लागला. तिला ते येत होतं. तरी ती पाय पुढे धरून बसून राहिली.

कोरिनला घेऊन गाडी वळणाआड गेली तरी व्हर्ल उठला नव्हता.