घोड्याने फाडलेला खिसा

मी एक जुना काळा कोट आहे. पण मित्रांनो, जन्मापासून मी कोट नव्हतो. हैदराबादेत निजामाचं राज्य होतं, तेव्हा मी गुडघ्यापर्यंत लांब शेरवानी होतो.

माझे मालक एकनाथराव वकील नल्लकुंट्याला राहत. अंगाने किडकिडीत, आवाजाने भरदार. नुसता आवाज ऐकून लोक कुणा धिप्पाड माणसाला शोधत येत आणि एकनाथरावांनाच पत्ता विचारत. त्यांना एक खोड होती. अदालतीत न्यायाधीशांनी एखाद्या आरोपीला विचारलं, "तुझा वकील कोण?" आणि तो म्हणाला, "माझं कुणी नाही," की एकनाथराव उभे राहायचे. कुणी बोलावलेलं नसे. एकदा तर ते नुसते पाणी प्यायला उठले होते, तरी तो खटला त्यांनी चालवला आणि पाणी राहूनच गेलं.

असल्या पक्षकारांकडून ते हातात काही घेत नसत. पण गरीब माणसालाही फुकटचं नको असतं. त्यातून एक रीत पडली. पक्षकाराने माझ्या उजव्या खिशात जमेल ते टाकायचं, आणि तेवढा वेळ एकनाथरावांनी छताकडे बघायचं. देणाऱ्याचं थोडकं देणं वकिलाने पाहिलं नाही, की त्याची मान खाली जात नाही. त्यामुळे खिशात काय आहे, हे मालकांना घरी जाईपर्यंत ठाऊक नसे. खिसा रिकामा करायचं काम त्यांच्या बायकोचं, चतुराबाईंचं.

"आज पुन्हा चिंचा!" त्या म्हणायच्या. "काल चिंचा, परवा चिंचा. चिंचेच्या झाडावर खटला चाललाय का?"

"आमटीला होतील."

"आमटीला डाळ लागते. एखादा डाळवाला आरोपी बघा की!"

असं बोलायच्या, पण खिसा टिकावा म्हणून त्याला आतून दुहेरी अस्तर त्यांनीच लावलं होतं. एकदा खिशातून कोंबडीचं जिवंत पिल्लू निघालं. त्याचं नाव त्यांनी 'अपील' ठेवलं. ते म्हातारं होऊन मेलं, पण निकाल काही लागला नाही.

मग पोलीस अ‍ॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद भारतात आलं, रस्तोरस्ती मिरवणुका निघाल्या. पुढे आमच्या अदालतीत ठरलं, की आता वकिलांनी कोटच घालायचा. देश स्वतंत्र झाला आणि माझे पाय कापायची वेळ आली. मी तक्रार करत नाही. तेव्हा सगळ्यांनीच काही ना काही दिलं.

नेमका त्याच वेळी दत्तोबाचा खटला उभा राहिला. दत्तोबा मलकपेठेच्या एका तबेल्यात घोड्यांना खरारा करायचा. तिथला बादल नावाचा घोडा त्याच्या झोपडीपुढे बांधलेला सापडला. चोरीचा आळ आला. शिक्षा झाली असती तर दत्तोबा तुरुंगात आणि त्याची बायको गंगू दोन लेकरांसह रस्त्यावर. न्यायाधीशांनी विचारलं, "वकील कोण?"

"माझं कुणी नाही, हुजूर."

एकनाथराव उभे राहिले. न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, पुढच्या तारखेला कोट घालून या. शेरवानीत आलात तर तुमचं ऐकता येणार नाही. आरोपी एकटाच उभा राहील."

दुसऱ्या कोटाची ऐपत नव्हती. मला खादर मास्तर नावाच्या शिंप्याच्या दुकानात नेलं. मास्तरांनी कात्री उचलली.

"खिशाला हात लावू नका," एकनाथराव म्हणाले.

"साब, कोट छोटा, खिसा लंबा. नीचे लटकता!"

"लटकू द्या."

"लोगां हसते, साब."

"हसू द्या. निदान खटल्यात कुणीतरी हसेल."

अशा रीतीने मी कोट झालो, आणि माझ्या उजव्या कडेखालून खिसा शेळीच्या कानासारखा लोंबू लागला.

तारखेच्या सकाळी गंगू अदालतीच्या दारात भेटली. एकनाथराव छताकडे बघू लागले. तिने माझ्या खिशात एक छोटीशी ढेप टाकली. चिकट होती. ते मला समजलं, पण कोटाची साक्ष कोण घेतो?

तबेल्याचे कारभारी अप्पाराव साक्षीला उभे राहिले. "हुजूर, बादल परक्या माणसामागे एक पाऊल टाकत नाही. यानं दोर लावून ओढूनच नेला."

दत्तोबा म्हणाला, "मी घराकडं चाललो होतो. हा मागं मागं आला. हाकललं तरी जाईना. सकाळी परत न्यावं म्हणून दारात बांधला."

"तुझ्याच मागे का आला?" एकनाथरावांनी विचारलं.

"जीव आहे त्याचा माझ्यावर."

सगळे हसले. एकनाथराव हसले नाहीत. त्यांच्याकडे पुढचा प्रश्नच उरला नव्हता.

मुद्देमाल म्हणून बादलला आवारात आणून बांधलं होतं. न्यायाधीश म्हणाले, "चला, घोडा बघू." सगळे बाहेर आले. शिपायाने दोर सोडला मात्र, बादल थेट एकनाथरावांकडे आला. ते बाजूला सरले, तोही सरला. ते खांबाला वळसा घालून गेले, तोही गेला. ते पायऱ्या चढले. बादलने आधी पायऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्या लोंबत्या खिशाकडे पाहिलं, आणि तोही चढला.

न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "वकीलसाहेब, घोडा चोरून नेताय का?"

"नाही हुजूर. तोच मला नेतोय!"

"अप्पाराव, हा परक्यामागे जात नाही म्हणालात?"

"हुजूर, वकीलसाहेबांची... जुनी ओळख असेल."

तेवढ्यात बादलने माझा खिसा दातांत धरला आणि टर्रकन फाडला. गुळाची ढेप पायरीवर पडली. बादल ती खाऊ लागला. अदालतीचा त्याने कसलाही मान राखला नाही.

"दत्तोबा, तुझ्याकडेही गूळ असतो?" न्यायाधीशांनी विचारलं.

"रोजच असतो की, हुजूर. घोड्याकडं रिकाम्या हातानं कसं जायचं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

मग एकनाथरावांना प्रश्न सापडला. "अप्पाराव, त्या संध्याकाळी तबेल्याचा अडसर कुणी लावायचा होता?" अप्पारावांनी घोड्याकडे पाहिलं. तो गूळ चघळत होता. ते म्हणाले, "मीच. राहून गेला."

दत्तोबा सुटला. जाताना गंगू पुन्हा पुढे आली, पण आता खिसा नव्हता. ती थबकली. मग तिने नुसतीच आपली मूठ माझ्या फाटक्या कडेला टेकवली. एकनाथराव तेव्हाही छताकडे बघत होते, पण आवारात छत नव्हतं. नुसतं आभाळ होतं.

घरी चतुराबाईंनी विचारलं, "आज खिशात काय?"

"आज खिसाच दिला."

काळा दोरा संपला होता, म्हणून त्यांनी लाल दोऱ्याने खिसा पुन्हा शिवला आणि आणखी एक अस्तर लावलं.

आता एकनाथराव नाहीत. मी त्यांच्या नातीच्या, प्रमिलाच्या घरी खुंटीवर असतो. तीही वकील आहे. कसरीने मला जागोजागी खाल्लंय. ते चालायचंच, तिलाही पोट आहे. मित्रांनो, मला ऊन दाखवा, डांबराच्या गोळ्या घाला, असं मी म्हणणार नाही. एवढंच सांगतो. कुणी "माझं कुणी नाही" म्हणालं, तर उठून उभे राहा. आणि त्याने खिशात काही टाकलं, तर वर बघा.

फक्त जवळपास घोडा नाही ना, तेवढं आधी बघून घ्या.