पाठ दाखवली, तळवा राहिला

मित्रांनो, मी बापूजींच्या पाठीवरचा जुना तीळ आहे. बापूजी आदिलाबाद जिल्ह्यात, तलमडुगुजवळच्या एका गावात कापूस पिकवतात. मी चिंचोक्याएवढा, वेड्यावाकड्या कडांचा, अर्धा काळा, अर्धा तपकिरी. बापूजी सदरा काढून आंघोळीला बसले की पोरं ओरडायची, "आबा, पाठीले गोचीड चिकटला!" मला लपायला जागा नसे.

त्यांची बायको गयाबाई रोज त्यांची पाठ घासून द्यायची. माझ्यावरून तिचा हात हलका फिरे. एकदा सून पूनमने मोबाइलवर वाचलं, की असा तीळ कॅन्सरचाही असू शकतो. गयाबाई घाबरली. कापूस वेचणं सोडून तिने बापूजींना आदिलाबादला नेलं.

डॉक्टरांनी भिंगातून मला पाहिलं.

"आधीपासून असाच आहे?"

"लग्न झालं तवापासून असाच हाय जी. मीच तर पाठ घासते."

"मग भिऊ नका. दिसायला विचित्र आहे, पण बदलत नाही. वाढला, रंग बदलला, रक्त आलं, तर लगेच या. अंगावर कुठं नवा डाग उठून वाढत असेल, तर तोही दाखवा. तळपायावरचासुद्धा. तुम्हाला आहे का काही?"

गयाबाईने पाय लुगड्याखाली ओढले. "नाई जी."

बाहेर आल्यावर बापूजी म्हणाले, "तुह्या तळव्याले काळा डाग हाय न? लंगडून राह्यली तू. दाखवला काऊन नाई?"

"डॉक्टरसायबापुढं तळवा करू? देवासारखा माणूस तो! कापूस येचताना पऱ्हाटीचा खुंट रुतला असंन, जाईन आपोआप."

"बरं, नको दाखवू. तुही लात खायाले मी हावो न!"

दोघं हसले. बसस्टँडवर त्यांनी गरम भजी खाल्ली. मीही खुशीत होतो. त्या खुशीची मला आज लाज वाटते.

तो डाग पसरत गेला. मग फुटला. त्यावर हळद बांधली. जांघेत गाठ आली, तेव्हा तिला हैदराबादला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तळवा हातात धरला, तर गयाबाई म्हणाली, "माफ करा जी, पाय लागला." तो कॅन्सर होता आणि अंगभर पसरला होता. पुढच्या पेरणीला ती नव्हती.

मी मात्र जसाच्या तसा आहे. ज्याला सगळे भीत होते तो मी निरुपद्रवी निघालो, आणि ज्याच्याकडे कुणी नीट पाहिलं नाही त्याने तिला नेलं. तिची सगळी काळजी माझ्या वाट्याला आली. आता पूनम अधूनमधून माझा फोटो काढून जुन्या फोटोशी ताडून बघते. "काहीच बदल नाही, मामंजी," असं ती म्हणाली की बापूजी मान खाली घालतात. सदरा घालायची घाई करतात.

मित्रांनो, दिसायला विचित्र असलेला प्रत्येक तीळ वाईट नसतो, आणि प्रत्येक काळा डाग काट्याचा नसतो. जो बदलतो, तो डॉक्टरांना दाखवा. आज घरी गेलात की आईला, आजीला म्हणा, पाय पुढे कर. ती लाजेल, पाय ओढून घेईल. तुम्ही सोडू नका.