जाड पुस्तक मोठ्या माणसाला

पुस्तकांची सात खोकी गावात आली आणि त्याच दिवशी फुआतिनोचं डोकं फिरलं. महिना संपत आला तरी ते जागेवर आलं नव्हतं.

चूक तिचीच होती. हे ती मान्य करायची, पण फक्त स्वतःशी. ऑकलंडला राहणाऱ्या चुलतभावाला, रोपेतीला, तिनेच फोन करकरून पिडलं होतं. इकडे सामोआत, गावात, चर्चच्या बायकांनी नाताळच्या सुट्टीत मुलांचा वाचनवर्ग चालवायला घेतला होता, रोज सकाळी, चर्चशेजारच्या उघड्या फालेत, नुसत्या खांबांवर छप्पर. बायका उत्साहाने आल्या, चटया अंथरल्या, कोकोचं पातेलं चढवलं. वाचायला काय, तर एक बायबल, भजनांच्या दोन वह्या आणि बिस्किटांच्या खोक्यावरची अक्षरं. पोरांना बिस्किटांचं खोकं पाठ झालं होतं.

फुआतिनोने स्वतः आठवीत शाळा सोडलेली. बाकीच्या बायका टोमणे मारायच्या, पळून गेलेलीच आता शाळा भरवतेय. ती म्हणायची, पोरं कुठून पळतात ते मलाच माहितीये, म्हणून त्या बाजूला मी बसते.

तिचा सगळा जीव अडकला होता लुपेमध्ये. लुपे दहा वर्षांची, चौथीत दोनदा बसलेली. हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं, शाळा उघडेल त्या दिवशी न पाहिलेलं एक पान वाचून दाखव, जमलं तर पाचवी, नाहीतर परत चौथी. आणि लुपेची मावशी ओफिरा, जिच्याकडे ती राहायची, तिनेही सांगून टाकलं होतं की परत चौथी असेल तर शाळा पुरे, घरी बसून माझी तीन पोरं सांभाळ. ओफिरा काही दुष्ट नव्हती. दिवसभर राबूनही तिला हात पुरत नव्हते, एवढंच.

तर खोकी घेऊन आले रोपेती आणि त्याच्या चर्चचे तिघे पाहुणे. रात्री खोकी फुआतिनोच्या घरीच होती. लुपेने कोपऱ्यातलं एक खोकं उचकटून एक पुस्तक काढलं. सामोअन भाषेतलंच, कडक चकचकीत पुठ्ठ्याचं. एक डुक्कर बसमध्ये चढतं, त्याची गोष्ट. पोरगी बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसली. डुक्कर तिकीट काढायला पुढे गेलं, ड्रायव्हरने मान वळवली, आणि इथे तिला ओफिराने हाक मारली. लुपे जाता जाता तीनदा वळून बघत होती. आजवर या पोरीने कुठल्या छापील कागदाकडे वळून बघितलं नव्हतं.

सकाळी फुआतिनो भावाला म्हणाली की खोकी इथेच राहू देत, तू जेव, झोप, समुद्रावर जा. रोपेती दुखावला. वीस वर्षांनी गावात आलेला माणूस, त्याला सगळं रीतीने करायचं होतं.

"चोरून आणल्यासारखं तुझ्या घरात टाकून जाऊ?" तो म्हणाला. "गावाला देणार मी. सगळ्यांसमोर."

ती तेव्हा आडवी पडली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण तिलाही वाटलं, भाऊ मान घेतोय, घेऊ दे.

मोठ्या फालेत गावचे मताई, म्हणजे घराघरांचे प्रमुख, खांबांना पाठी टेकून बसले. समोर पाहुणे. रोपेतीने लांबलचक भाषण केलं आणि खोकी 'गावाच्या चरणी' ठेवली. मग पेनिआमिना उठला. पेनिआमिना गावाच्या वतीने बोलणारा मताई, त्याचं काम बोलणं आणि आलेली भेट मोठ्याने जाहीर करणं. चटया येवोत, डुक्कर येवो, माशांचे डबे येवोत, तो काठी टेकून एकेक वस्तू ओरडून सांगतो. त्याने एकशे बारा पुस्तकं जाहीर केली. "एक पुस्तक, निळं!" "एक पुस्तक, जाड, वर चित्र!" पाऊण तास चाललं. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फुआतिनोच्याही आलं, पण पायाला मुंग्या आल्यामुळे.

मग तिला कळलं की काय होतंय, आणि तेव्हा उशीर झाला होता. गावाला आलेली भेट गाव वाटून घेतं. आणि वाटतं ते मानाप्रमाणे. सगळ्यात मोठा मताई उलुगाताई, त्याला सगळ्यात जाड, म्हणजे शब्दकोश, आणि कडक पुठ्ठ्याची सहा. पास्टरला नकाशांचं मोठं पुस्तक. मधल्या मताईंना मधली. विधवांना आणि तरुणांना बारकी. पाच भागांची एक गोष्ट पाच घरांत गेली. ज्याला तिसरा भाग मिळाला त्याला पहिल्याचा पत्ता नाही. डुकराचं पुस्तक उलुगाताईकडे. वाचनवर्गाला काय मिळालं? रिकामी खोकी. सात.

पास्टरची बायको मासिना म्हणाली, धीर धर. मासिनाचं सगळ्यावर औषध धीर हेच. फुआतिनो म्हणाली, शाळा अठरा दिवसांत उघडतेय, तुझा धीर किती दिवसांचा आहे?

मागून आणायचं म्हटलं तर ते अशक्यच. दिलेली भेट परत मागणं म्हणजे माणसाच्या ताटातला घास ओढणं. तसं केलं असतं तर फुआतिनोच्या अख्ख्या कुटुंबाला नाक घासून माफी मागावी लागली असती. रोपेतीला तिने विमानतळावर सोडताना सांगितलं काय केलंस ते, तर तो म्हणाला की समारंभ तर छान झाला.

वर्गात लुपे रोज एकच विचारायची. काकी, ड्रायव्हरने डुकराला बसू दिलं का?

तीन दिवस फुआतिनोने कळ काढली. चौथ्या दिवशी लुपेने बिस्किटांचं खोकं उलटं धरून वाचून दाखवलं, न बघता, धडाधडा, आणि बायकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. फुआतिनो उठली, लुपेचा हात धरला आणि तरातरा उलुगाताईच्या घराकडे निघाली. मागून मासिना काहीतरी म्हणत होती. धीराबद्दलच असणार.

वाटेत तिने मनात सगळं जुळवलं होतं. आजोबा, पुस्तक परत द्या. काय व्हायचं ते होऊ दे.

म्हातारा एकटाच बसला होता, पंख्याने वारा घेत. फुआतिनो चटईवर मांडी घालून बसली. लुपे तिच्या मागे. उंचावरच्या फळीवर उलुगाताईच्या वडिलांचा फोटो, शेजारी सातही पुस्तकं उतरंडीने रचलेली, आणि त्यांच्यावर फुलांची माळ. डुक्कर सगळ्यात वर, माळेतून बघत होतं. पुस्तकांपाशी म्हाताऱ्याचा चष्मा. एक काच तडकलेली, एका बाजूची दांडीच नाही, दोरी बांधलेली.

म्हातारा थांबला होता. ही कशाला आलीय ते त्याला माहीत होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं? तिने ते लाजिरवाणं वाक्य तोंडातून काढावं म्हणून तो शांतपणे वारा घेत होता.

फुआतिनोने तोंड उघडलं. चष्म्याकडे बघितलं. यातून म्हाताऱ्याला एक अक्षरही लागत नसणार. तोंड मिटलं.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमचा अपमान झालाय."

पंखा थांबला.

"पेनिआमिनाकाकांनी पुस्तकं जाहीर केली. निळं म्हणाले, जाड म्हणाले. आत काय आहे ते जाहीर केलंच नाही. डुक्कर आलं तर किती मोठं, किती माणसांनी उचललं, सगळं सांगतात. तुमची भेट नुसती सालीवरून जाहीर झाली. अर्धीच."

म्हाताऱ्याने फळीकडे बघितलं. त्याला ते खरं वाटलं की सोयीचं वाटलं, हे फुआतिनोला शेवटपर्यंत कळलं नाही.

"मग पूर्ण कोण करणार?" त्याने विचारलं.

"ही करेल."

लुपेने पुस्तक दोन्ही हातांनी खाली घेतलं, माळ बाजूला ठेवली आणि सुरू केलं. तिसऱ्या ओळीत अडखळली.

"पहिल्यापासून," उलुगाताई म्हणाला.

जाहीर करताना अडखळून चालत नाही, हा नियम. पेनिआमिना एकदा भेट आलेल्या मानाच्या चटईचं नाव चुकला तर त्याला सगळं परत म्हणावं लागलं होतं, तेही पावसात. लुपेने पहिल्यापासून सुरू केलं. परत अडखळली. परत पहिल्यापासून. त्या दिवशी डुक्कर बसमध्ये अकरा वेळा चढलं आणि तिकिटापर्यंत एकदाही पोचलं नाही. पोरगी रडकुंडीला आली. फुआतिनोला म्हाताऱ्याचा पंखा हिसकावून त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला.

पण दुसऱ्या दिवशी लुपे आपली आपण गेली, आणि डुकराला बसमध्ये जागा मिळेपर्यंत रोज जात राहिली.

आणि मग गावात बोंब झाली. उलुगाताईची भेट आतून जाहीर होतेय म्हटल्यावर बाकीचे मताई गप्प बसतील? सगळ्यांना आपली पुस्तकं जाहीर करून हवी होती. वर्ग रिकामा झाला. पोरं घरोघर वाचत फिरायला लागली. याच्याकडे आधी का, त्याच्याकडे दोनदा का, माझ्याकडे पाठवलेलं पोरगं बारकं का, याची भांडणं फुआतिनोकडे. तिसऱ्या भागाचा मताई पहिल्या भागाच्या मताईच्या घरी जाऊन बसला, कारण त्याला सुरुवात कळत नव्हती. दोघे चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अजूनही बोलत नाहीत, नुसते शेजारी बसून ऐकतात. प्रत्येक घरात पोरांना खाऊ घालायचे, मग पोरं सुस्तावून झोपायची, आणि दुपारी आया फुआतिनोला विचारायच्या, आमची पोरं कुठेत? पेनिआमिना तर रागावलाच, माझं काम पोरांना दिलं म्हणून. त्याची समजूत घालायला तिला दोन सकाळी लागल्या आणि त्याचं सगळं बोलणं ऐकून घ्यावं लागलं.

शाळा उघडायच्या दिवशी हेडमास्तरांनी लुपेला न पाहिलेलं पान दिलं. ओफिरा दाराशी, कडेवर पोर. उलुगाताई खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसला होता, त्याला कुणीही बोलावलेलं नव्हतं. फुआतिनो भिंतीला टेकून नखं खात होती.

लुपे उभी राहिली आणि पेनिआमिनासारख्या खणखणीत आवाजात सुरू झाली. हेडमास्तर दचकले. चौथ्या ओळीत ती अडखळली, थांबली, आणि पहिल्यापासून सुरू केलं. हेडमास्तर म्हणाले, अगं पुढे वाच, चालेल. लुपेने त्यांच्याकडे असं बघितलं की हे काय बोलणं झालं. परत अडखळली, नवव्या ओळीत. परत पहिल्यापासून. हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं. बाहेर रांगेत चाळीस पोरं. तिसऱ्यांदा लुपे वरून निघाली ती शेवटच्या ओळीपर्यंत थांबलीच नाही, आणि पान संपल्यावर तिने ते उलटलं, मागे काय आहे ते बघायला.

हेडमास्तरांनी वहीत पाचवी लिहिलं. ओफिराने कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, बरं. एवढंच.

मग खिडकीतून उलुगाताई सांगू लागला की मुलगी आपण तयार केली. त्याचं संपायच्या आत पेनिआमिना काठी टेकत आला आणि आभाराचं भाषण सुरू झालं. त्यात असंही आलं की पुढच्या वर्षी पाहुण्यांनी आणखी खोकी आणावीत, गाव त्यांची वाटणी याहून रीतीने करेल, आणि आणखी मोठी, आणखी जाड पुस्तकं असली तर उत्तम.

फुआतिनो बाहेर आली, चिंचेखाली बसली आणि फोनवर रोपेतीला निरोप लिहायला घेतला. पुढच्या वर्षी सगळी पुस्तकं एकसारखी पाठव. एकाच जाडीची. एकाच रंगाची. एकशे बारा.

लुपे मागून येऊन डोकावली आणि सगळा निरोप मोठ्याने वाचला. मग म्हणाली, "काकी, म्हणजे सगळ्यांकडे एकच गोष्ट? मग मी दुसऱ्यांच्या घरी कशाला जाऊ?"

फुआतिनोने तिच्याकडे बघितलं. मग फोनकडे. मग शिव्या घालत सगळं पुसून टाकलं.