रेवूचा क्लॅरिनेट

मंगळवारपासून माझी तान्ही रेवू रडायला तोंड उघडते आणि दस्तगीर मास्तरांचा क्लॅरिनेट वाजतो. मास्तर जाऊन वर्षं झाली. पण हिराप्रकाश बँडमधला त्यांचा क्लॅरिनेट आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. ओळखण्यात चूक नाही.

सासूबाई खूश. "रडण्यापेक्षा बरं की गं. सूर तरी आहे."

"आई, तिला भूक लागलीय की पोट दुखतंय, तेच मला कळत नाही."

"पाजून बघ. प्यायली तर भूक, नाहीतर पोट."

रेवू तोंड फिरवते आणि लांब तान घेते. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली. म्हणाले, "दम छान आहे."

वरच्या मजल्यावरचा धैर्यशील हिराप्रकाशच्या जुन्या कॅसेटींचं रिमिक्स करतो. रेवूला कडेवर घेऊन मी वर गेले. त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवले. ढोल तेच, ट्रंपेट तेच. मास्तरांच्या जागी रेवू रडत होती. भुकेचं रडणं. ते मी झोपेतही ओळखते.

"क्लॅरिनेट जुनाट वाटत होता वैनी, काढून टाकला. तिथं भोक पडलं. खालून येणारं तुमच्या बाळाचं रडणं रेकॉर्ड केलं, एकदम फिट्ट बसलं."

"मला विचारलंस?"

"नाव टाकतो की तिचं. बारीक अक्षरात."

"नाव घाल चुलीत. रडणं परत दे."

"आता कुठलं? वरातीत गेलं ते. पब्लिक खुळं झालंय."

रेवूला घेऊन मी चौकात धावले. वरातीच्या गाडीवर स्पीकरची भिंत उभी होती. माझ्या उपाशी मुलीच्या रडण्यावर फेटेवाले नाचत होते. नवरदेवाचा मामा दातांत रुमाल धरून रस्त्यावर लोळत होता.

"ताई, बाळाच्या कानात कापूस घाला!" एक जण म्हणाला.

"अहो, तीच रडतेय ती!"

"भारी रडतेय!"

मला पान्हा फुटला. कुर्ता भिजला. रेवूला छातीशी धरलं, तिने तोंड फिरवलं आणि सुरात वाजली. तशीच गाडीवर चढले. सगळ्यात खालच्या स्पीकरसमोर मांडी घातली, रेवूला मांडीवर ठेवलं, ओढणी पुढे ओढली आणि स्पीकरला अंगावर पाजायला घेतलं.

रडणं थांबलं. वरात थांबली.

"ओ बाई, उठा तिथनं! गाणं बंद पडलं!"

"ओरडू नका," मी म्हणाले. "पितोय."

कुणीतरी माझा दंड धरून ओढायला लागलं. मांडीवर रेवू, तोंड घट्ट मिटून, घटाघटा गिळत होती.