यंत्राच्या अंगातलं वारं

अडचण आली की अवजाराआधी महाराज शोधायचा, ही निमेशची खोड काशीबाईला मुळीच खपत नव्हती. मुरबे बंदरावर मासळी विकून तिने या लेकाला बोईसरात विजेच्या बटणांचा कारखाना उभारून दिला होता.

आज तिथे यंत्राभोवती कामगारांची जत्राच भरली होती. सकाळी काळी बटणं, दुपारी पांढरी, एकाच यंत्रावर जोडून माल वेळेत निघावा म्हणून घेतलेला रोबोटचा हात दसऱ्यापासून मॉडेल बदललं की थिजायचा. तेव्हाच नवे ट्रे लावायला कामगार पोरगी दीपाली यायची, उकाड्याने पंखा लावायची. दोष तिच्यावर आला.

"रोज नवं रूप घ्यायला लावता, म्हणून यंत्रदेवता कोपते," निमेशने बोलावलेले महाराज म्हणाले. "त्यात ही अपशकुनी."

त्यांनी पंखा बंद करवला, काचेचा कंदील लावला, मोरपीस फिरवलं. हात सळसळत चालू झाला.

"देखा? चल पड़ा," एक कामगार पुटपुटला.

"आता यंत्राभोवतीच्या जाळीचं दार उघडा. हिने हाताखाली बोटं धरावीत. निर्दोष असेल तर देवता थांबेल."

दीपाली कचरत पुढे झाली. निमेशने जमिनीकडे बघत दार उघडलं.

"मागं हो गे पोरी," काशीबाई गर्दीतून पुढे येऊन मधे उभी राहिली. "महाराज, पंखा कशाला बंद केलात?"

"ज्योत विझेल, माई."

"काचेतली? आमचा होडीवरचा कंदील भर वाऱ्यात विझत नाय. लाव रे कोणीतरी पंखा."

पंखा फिरला. दसऱ्याला महाराजांनी स्वतः खांबाला बांधलेली, काढायची नाही असं बजावलेली झेंडूची माळ झुलली आणि खांबावरच्या लाल दिव्यासमोर आली. हात थिजला. काशीबाईने माळ बाजूला धरली. हात पुन्हा चालला.

"निमेशा, हा दिवा कसला?"

"यंत्राचा डोळा. ट्रे बसलाय का ते बघतो, आये."

"म्हणजे बोटं बघत नाय?"

"...नाय."

महाराज मोरपीस झोळीत कोंबू लागले. काशीबाईने माळ तोडून त्यांच्या झोळीत टाकली.

"तुमचं दैवत घेऊन जा. वाऱ्यावर डुलतंय बिचारं."

मग ती लेकाकडे वळली.

"डोळा काय बघतो ते तुला ठावं होतं, तरी पोरीची बोटं घालायला निघालास. यंत्र अडलं तर यंत्रात बघायचं, माणसाच्या पायगुणात नाय. महाराज लबाड हाय, पण त्याच्यापरीस तू वाईट, कारण तुला समजत होतं. आता सगळ्यांदेखत दीपालीची माफी माग, नि मग जाळीचं दार लाव."