एक्केचाळिसावं घर

पाववालीच्या बेकरीत घड्याळ नव्हतं आणि याचा तिला भारी तोरा होता. कुणी विचारलंच तर ती नाक वर करून सांगायची, "घड्याळ लागतं ते इतरांना. आमचा पाव प्रार्थनेवर भाजतो."

ते अगदी खरंच होतं. तिच्या सासऱ्यांनी घालून दिलेली रीत अशी की साचे भट्टीत सरकवायचे, लोखंडी दार लावायचं, डोक्यावरची टोपी काढायची आणि ज्या चाळीस घरी दुपारी पाव पोहोचवायचा, त्या चाळीस घरांसाठी एकेक करून प्रार्थना करायची. तीही वाटेवरच्या क्रमाने. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या गुडघ्यांपासून सुरुवात आणि पुलापलीकडच्या शाळेतल्या बाईंपाशी शेवट. बाईंसाठी मागून 'आमेन' म्हटलं की दार उघडायचं, पाव बरोबर झालेला असायचा. सासऱ्यांनी हे केलं, मग नवऱ्याने केलं आणि तो गेल्यावर वर्षभर मुलगा करत होता. साठ वर्षांत एक पाव कच्चा निघाला नव्हता. निदान पाववाली तरी असंच सांगायची आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

म्हणून मंगळवारी बाई स्वतः पाव घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा तिला आधी वाटलं, आणखी एक हवा असेल.

"अहो, रागावू नका," बाई म्हणाल्या, "पण आत बोट रुततंय बघा."

तिने बोट घातलं. आत ओला गोळा होता. "पीठच खराब आलंय," ती म्हणाली आणि बाईंना दुसरा पाव दिला. तोही तसाच निघाला.

बुधवारी तीन घरांतून पाव परत आले. पाववालीने पीठवाल्याची हजेरी घेतली, यीस्टचा नवा डबा फोडला, भट्टीचं धुराडं खरवडून काढलं. सगळ्यांना दोष देऊन झाला, पण मुलाकडे तिचं बोट वळलं नाही. ते कसं वळणार? तिच्या मुलाचा हात कधी चुकत नाही, हे साऱ्या वस्तीला पाठ होतं. तिनेच तर पाठ करून घेतलं होतं.

गुरुवारी मात्र ती पिठाच्या पोत्यांआड उभी राहिली. मुलाने साचे सरकवले, दार लावलं, टोपी काढली आणि सुरू झाला.

"शिंपीकाकांचे गुडघे बरे कर प्रभू डॉक्टरांच्या घरी शांती दे जुळ्यांचा खोकला जाऊ दे लोहाराच्या..."

मध्ये श्वास नाही, थांबणं नाही. पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा तो घरामागून घर पळत सुटला होता. पाववाली मनातल्या मनात सोबत म्हणत होती. ती सहाव्या घरापाशी पोहोचते न पोहोचते तो हा पूल ओलांडून गेला. तिला आधी हसू आलं. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. फावड्याच्या दांड्यावर त्याची बोटं पांढरी पडली होती आणि ओठ थरथरत होते. 

"थांब. दार उघडू नकोस," ती पुढे येत म्हणाली. "काय होतंय तुला?"

तो दचकला. आधी म्हणाला, काही नाही. मग पोत्यावर मटकन बसला.

"छातीत धडधडतं, आई. दार लावलं की वाटतं, आता करपणार, आता बाबांचं नाव जाणार. मग घाई होते. तीन महिने धड झोप नाही. डॉक्टर म्हणाले ताण आहे, गोळ्या दिल्यात."

"कुठले डॉक्टर?"

"आपलेच. दुसरं घर."

"त्यांना सांगितलंस आणि मला नाही?"

"तुला कसं सांगू? तू जगाला सांगत फिरतेस, माझ्या मुलाचा हात चुकत नाही म्हणून."

 तिच्या कौतुकाचं ओझं त्याच्याच पाठीवर बसलं होतं. तिने विचारलं, "स्वतःसाठी काही मागतोस की नाही?"

"मी? आपलं घर यादीत कुठेय? आपल्याच घरी आपण कुठे पाव पोहोचवतो?"

पाववाली भिंतीला टेकली. नवराही असाच शेवटी गप्प गप्प असायचा, छाती चोळत दार लावायचा. साठ वर्षं इथे चाळीस घरांसाठी मागणं चाललं होतं आणि भट्टीसमोरच्या माणसासाठी कुणीच काही मागितलं नव्हतं. देव ऐकतो, याबद्दल तिला कधी शंका नव्हती. पण त्याच्या कानावर घातलंच कुणी नव्हतं.

बोलण्याच्या नादात भट्टी दोघंही विसरली होती. तेवढ्यात धूर आला. मुलगा पांढराफटक पडून धावला, पण पाव कोळसा झाले होते.

"करपू दे," पाववाली म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती असं म्हणाली असेल.

दुपारी ती रिकामी टोपली घेऊन चाळीस घरी गेली. प्रत्येक दारात तेच सांगितलं, "आज पाव नाही. माझा मुलगा ताणाने आजारी आहे. आमची भट्टी रोज तुमच्यासाठी देवाकडे मागते. उद्या अकरा वाजता तुम्ही त्याच्यासाठी मागा." सांगताना तिचा आवाज दोनदा फाटला, पण नाक वरच होतं. शिंपी आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मागणार म्हणजे काय, मागणारच!"

शुक्रवारी शाळेची अकराची घंटा ऐकू आली आणि दार लागलं. मुलगा पुन्हा धावायला लागला, तसा तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सावकाश. शिंपी काही पळून जात नाही, त्याचे गुडघे तुला ठाऊक आहेत." तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग दोघं प्रार्थनेत घरोघर सावकाश गेली. बाईंपाशी 'आमेन' झालं, त्याने कडीला हात घातला, तर तिने मनगट धरलं.

"अजून एक घर राहिलंय."

आणि तिने मुलासाठी मागितलं. झोप मागितली, धडधड थांबू दे म्हणाली आणि माझ्या बडबडीतून याला सोडव, असंही म्हणाली.

पाव जरा जास्तच खरपूस निघाला. बाईंनी तोडून खाल्ला आणि भुवया उंचावल्या. "आज काही वेगळं केलंत?"

"एक घर वाढलंय," पाववाली म्हणाली.

धडधड एका दिवसात गेली नाही. गोळ्या चालू राहिल्या, फिरायला जाणं सुरू झालं, चाळीस घरांतून रोज कुणी ना कुणी विचारपूस करून जायचं. दोनेक महिन्यांनी एका सकाळी पाववालीला बाजारातून यायला उशीर झाला. बेकरीपाशी आली तर आतून मुलाचा आवाज ऐकू आला, संथ आणि मोकळा. ती दाराबाहेरच थांबली. बाईंसाठी मागून झालं. त्याने कडी उघडली नाही.

"आणि एक्केचाळिसावं घर, प्रभू," तो म्हणत होता. "तिथला मुलगा काल रात्रभर झोपला, तुझे आभार. आता त्याच्या आईचं बघ. तिचं नाक असंच वर राहू दे."

पाववालीने पिशवी खाली ठेवली, डोळे पुसले आणि बाहेरूनच ठणकावून म्हणाली, "आमेन!"