एकीला सोयाबीन, एकीला मासळी

डॉक्टरसाहेब, माझ्या थोरलीला तुम्ही ताटकळत ठेवून घालवलंत. तोंडावर सांगायला गेले तर दार उघडत नाही, म्हणून लिहिते.

जुळ्या माझ्या. दिवस भरायच्या आत आल्या. आतड्यांना दूध पेलेना, म्हणून सगळं पोषण शिरेतून. त्यातलं तेल दुधासारखं पांढरं, मोठ्या सिरिंजमधून थेंबथेंब जायचं. कुठल्या तेलाने बाळाचं यकृत कमी बिघडतं, याची तुमची तुलना चालली होती. कुणाला कुठलं, याची चिठ्ठी निघाली. थोरलीला नुसतं सोयाबीनचं, धाकटीला मासळीचं तेल मिसळलेलं. दोन्ही रोजच्या वापरातलीच, म्हणालात. आम्ही सह्या केल्या.

"धाकटी चालायच्या आधी पोहणार बघ," माझी बहीण म्हणाली.

"आणि थोरली?"

"तिला शेंगा लागतील!"

काचेच्या पेट्यांजवळ उभ्या राहून हसलो आम्ही. चक्क हसलो.

टोप्या बहिणीनेच विणलेल्या. थोरलीची पिवळी. तिचं कपाळ पिवळट दिसायला लागलं तेव्हा बहीण म्हणाली, "अगं, लोकरीची झाक पडलीय." मलाही तेच हवं होतं. सिस्टरने टोपी काढली. पिवळेपणा हलला नाही.

मग तुम्हाला केबिनच्या दारात गाठलं.

"साहेब, थोरलीलाही धाकटीचंच तेल द्या ना."

"मधेच बदललं तर तुलना बिघडते, ताई. परवानगी देणाऱ्या समितीची बैठक होऊ द्या."

"पोरगी बिघडतेय, तिचं काय?"

"मी एकटा कसं ठरवणार?"

अध्यक्ष परगावी, म्हणून बैठक पुढे गेली. मग आणखी पुढे. ते तेल त्याच खोलीत, शेजारच्या पेटीपाशी, हात लांबवला तर लागेल असं. थोरलीचं पोट फुगत गेलं. शेवटी तिला माझ्या हातात दिलंत तेव्हा नळ्या काढल्या होत्या. तिचं अख्खं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेल बदलून ती वाचलीच असती, असं मी छातीठोक म्हणत नाही. तेवढं मलाही कळतं.

आज तुमचा माणूस दारात आलाय. घरी आलेल्या धाकटीचं रक्त हवंय, तुलना पुरी करायला. बहिणीने त्याला बाहेरच अडवलं. "थांबा की जरा. आमचीही बैठक व्हायचीय."

उभा आहे बिचारा. त्याच्याच हाती हा कागद देतेय, रक्त नाही. आधी सांगा, थोरलीला थांबवून ठेवायचं कुणी ठरवलं? समिती म्हणू नका. माणूस सांगा.